ग्लेंडाची चूळ

समुद्रकाठच्या आमच्या पोर्थगॅरोचा पाद्री कोण, हे गावातल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. पण बायकांच्या बोटीत शेवटच्या पाटावर कोण बसतं, हे कुत्र्यांनाही ठाऊक आहे. गेली तेवीस वर्षं तिथे ग्लेंडा ट्रेगिलगस बसते. बोट सहा वल्ह्यांची, एल्मच्या फळ्यांची, लांबीला बत्तीस फूट आणि रुंदीला म्हणाल तर दोन माणसं अंग चोरून बसतील एवढीच. सहाही जणी पाठमोऱ्या बसतात, त्यामुळे आपण कुठे चाललोय ते एकीलाही दिसत नाही. ते दिसतं फक्त त्यांच्याकडे तोंड करून सुकाणू धरणाऱ्या तांडेलाला. ग्लेंडा त्याच्या सगळ्यात जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. तिच्या पाठीकडे बघून बाकीच्या पाच जणी वल्हं मारतात. तिचा ताल चुकला की सगळी बोट चुकते.

तिचा ताल सहसा चुकत नाही. ग्लेंडाने तीस वर्षं गावच्या शाळेत स्वयंपाक केला आणि तीस वर्षं पोरांना उकडलेला कोबी संपवायला लावला. आज त्या पोरांची डोकी पांढरी व्हायला लागली आहेत, तरी खानावळीत ती शेजारच्या टेबलावर येऊन बसली की ते मुकाट्याने ताट स्वच्छ करतात. तिला वादळाची भीती नाही, डॉक्टरची नाही, शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांची तर कधीच नव्हती. तिला आयुष्यात एकाच गोष्टीची धास्ती होती, आणि ती म्हणजे आपल्या तोंडाला वास येतो की काय.

ही धास्ती अकरा वर्षांपूर्वीची. सरावाची सकाळ होती, बोट नुकतीच पाण्यात ढकलली होती. तांडेल हेडली नँकॅरो हा मासेमारीतून निवृत्त झालेला, बोलण्यात मोकळाढाकळा माणूस. त्याने ग्लेंडाच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय राणी, आज सार्डिन झालं वाटतं?" आमच्याकडे पोस्टमनसुद्धा कुणालाही राणी म्हणतो, त्यामुळे त्या शब्दाचं काही नाही. पण सार्डिन मासळीचं ते नाव ग्लेंडाच्या काळजात रुतलं. त्याच दिवशी तिने औषधांच्या दुकानातून माउथवॉशची सगळ्यात मोठी बाटली आणली. तेव्हापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि बोटीत बसण्याआधी एकदा, अशा तिच्या चुळा सुरू झाल्या. बाटलीवर लिहिलं होतं की नव्व्याण्णव टक्के जंतू मरतात. उरलेल्या एका टक्क्यासाठी ती दुसऱ्यांदा चूळ भरायची.

तर यंदा काय झालं, बोटींच्या शर्यती भरवणाऱ्या मंडळाने नवीन नियम केला. गेल्या साली पुरुषांच्या बोटीत एक सत्तरीचे गृहस्थ वार्षिक शर्यतीच्या मध्यावर वल्हं सोडून आडवे झाले होते. ते वाचले आणि आता रोज दारूच्या गुत्त्यात तीच गोष्ट सांगत बसतात. पण मंडळ घाबरलं. साठीच्या वरच्या प्रत्येकाने शर्यतीआधी नर्सची चिठ्ठी आणायची, ब्लड प्रेशरचा वरचा आकडा दीडशेच्या आत हवा, नाहीतर बोटीत पाय ठेवायचा नाही. नियम मांडला मंडळाच्या चिटणीस मॅरिलिन ओट्सने. आणि शेवटच्या पाटावर ग्लेंडा नसली तर बसायचं कुणी, तर राखीव खेळाडू मॅरिलिन ओट्सने. हा निव्वळ योगायोग आहे असं मॅरिलिन इतक्या वेळा म्हणाली की कुणाचाच विश्वास बसला नाही.

ग्लेंडा बासष्ट वर्षांची. ती चिठ्ठी आणायला दवाखान्यात गेली ती पावाची लादी आणायला जावं तशी. तिथली नर्स टॅमसिन ही तिच्या मैत्रिणीची मुलगी, लहानपणी तिच्याच हातचा कोबी खाऊन वाढलेली. तिने दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि आकडा बघितला. एकशे बासष्ट होते. तिने परत मोजलं, परत बासष्टच.

डॉक्टरांशी बोलून टॅमसिनने सांगितलं ते असं. शर्यतीला सहा आठवड्यांच्या वर वेळ आहे. तोवर मीठ तोडायचं, भाज्या वाढवायच्या, आणि रोज दोन पेले बीटचा रस प्यायचा. नाहीच उतरलं तर गोळी सुरू करू, पण नवीन गोळी अंगाला कशी मानवते ते बघेपर्यंत महिनाभर वल्हं बंद. म्हणजे शर्यत गेली. बीटच का, असं ग्लेंडाने विचारलं. त्यात नायट्रेट भरपूर असतं, शेवटी त्याचं अंगात नायट्रिक ऑक्साइड होतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून दाब उतरतो, असं टॅमसिन म्हणाली. पहिलं टोक आणि शेवटचं टोक तिने सांगितलं. मधला प्रवास सांगायला तिला वेळ नव्हता, बाहेर सात जण खोकत होते.

ग्लेंडा घरी आली आणि नवऱ्याला म्हणाली, "क्लेम, आपल्या वाफ्यातले सगळे बीट आता माझे."

क्लेम हा अबोल माणूस, पण बीट हा त्याचा जीव की प्राण. खायचे बीट नव्हेत, प्रदर्शनातले. दरवर्षी ऑगस्टमध्ये, शर्यतीच्याच दिवशी, गावच्या सभागृहात भाज्यांचं प्रदर्शन भरतं आणि त्यात 'लांब बीट, एकसारखे तीन' असा एक गट असतो. त्यासाठी क्लेम निळ्या पिंपांत वाळू भरतो, पहारीने तीन फुटी भोकं पाडतो, त्यांत चाळलेली माती ओततो आणि एकेक बी असं पेरतो की जणू पाळण्यात लेकरू ठेवतोय. नऊ वर्षं त्याचा दुसरा नंबर येत होता. पहिला रसेल नावाच्या एका निवृत्त पोस्टमनचा. यंदा तीन बीट असे उतरले होते की क्लेम संध्याकाळी नुसता जाऊन पिंपांपाशी उभा राहायचा.

"पिंपांतले सोडून," तो म्हणाला.

"पिंपांतले मला कशाला हवेत. वाफ्यातल्या गोल बिटांबद्दल बोलतेय मी," ग्लेंडा म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं.

मग जो काही रस सुरू झाला. स्वयंपाकघराची भिंत लाल झाली, ओटा लाल झाला, मांजराची एक मिशी लाल झाली. तिसऱ्या दिवशी ग्लेंडा संडासातून ओरडतच बाहेर आली आणि क्लेमने रुग्णवाहिकेला फोन लावायला घेतला. मग तिला आठवलं की बिटाचा रंग वरून गेला तसा खालूनही येतो. रसाला चव होती ती पावसात भिजलेल्या अंगणाची. ती नाक दाबून प्यायची, आणि पेला खाली ठेवला की आधी न्हाणीघर गाठायची. कारण आता तर दात लाल, जीभ लाल, आणि तोंडाला मातीचा वास. या अवतारात हेडलीच्या नाकासमोर बसायचं म्हणजे सार्डिन परवडलं. म्हणून तिने चुळा दुप्पट केल्या. जीभही ब्रशने पार मागपर्यंत खरवडायला लागली. रस, चूळ, खरवड, चूळ, असा नेम पाच आठवडे तिने एकदाही चुकवला नाही.

पाच आठवड्यांनी आकडा आला एकशे एकसष्ट.

ग्लेंडा दवाखान्यातल्या खुर्चीत बसून राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला. पाच आठवडे चिखल पिऊन एक आकडा, म्हणाली. मॅरिलिनने आतापासूनच शेवटच्या पाटावर स्वतःची उशी ठेवून बघितली होती, आणि ग्लेंडाला चहाच्या तंबूत काम आहेच असं प्रेमाने सुचवलं होतं. तेवीस वर्षं पाणी कापलं आणि आता काठावर उभं राहून लोकांच्या बनमध्ये साय भरायची. हे सगळं ती सांगत होती आणि टॅमसिन तिच्याकडे वाकून नाक वर करून हुंगत होती.

"आंटी, तुम्ही पेपरमिंट खाल्लंत का?"

"खाल्लं नाही. चूळ भरली. निघताना दोनदा भरते मी."

टॅमसिनने पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज म्हणजे काय, रस प्यायले की लगेच. घाणेरड्या तोंडाने हिंडेन का मी गावात?"

टॅमसिनने कपाळाला हात लावला आणि दार आतून बंद केलं. बाहेर त्या दिवशी नऊ जण खोकत होते, पण तिने त्यांना खोकू दिलं. "आता नीट ऐका. तुम्ही रस पिता, तो पोटात जातो, त्यातलं नायट्रेट रक्तात जातं. तिथून ते परत येतं थुंकीत, म्हणजे तोंडात. तोंडात जिभेच्या मागच्या भागावर जंतू असतात. ते नायट्रेटचं नायट्राइट करतात. ती थुंकी गिळली की त्याचं पुढे नायट्रिक ऑक्साइड होतं. ते काम तुम्हाला स्वतःला येत नाही, त्या जंतूंनाच येतं."

"म्हणजे जंतू चांगले?"

"हे चांगले. आणि तुम्ही पाच आठवडे काय केलंत, तर रोज दोन वेळा माल कारखान्यात पाठवलात आणि माल पोचायच्या आत सगळे कामगार मारून टाकलेत. वर ब्रशने कारखानाही झाडून काढलात."

ग्लेंडाने बराच वेळ जिभेचा विचार केला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं तिने फिनेल ओतलं होतं, जंतू हा शब्दच तिच्या घराण्याचा वैरी होता. शेवटी तिने विचारलं ते एवढंच, की ते कामगार परत येतील का. येतील, टॅमसिन म्हणाली, चूळ आजपासून बंद केलीत तर. दात साध्या पेस्टने घासायचे, जिभेला हात लावायचा नाही, रस चालू ठेवायचा. शर्यतीला नऊ दिवस होते. वचन कसलंच देता येत नाही, असंही ती म्हणाली, आणि शर्यत झाली की गोळीचं आपण बोलणारच आहोत, हेही.

"आणि हेडलीचं काय?" ग्लेंडाने विचारलं. टॅमसिनला प्रश्न कळला नाही.

पुढचा सराव पाहण्यासारखा होता. ग्लेंडा ओठ शिवल्यासारखे मिटून बसली आणि फक्त नाकाने श्वास घ्यायला लागली. वल्हं मारणारं माणूस नाकाने किती हवा ओढणार? वीस फटक्यांत ती जांभळी झाली, तीस फटक्यांत ताल गेला, आणि पाठीमागे वल्ह्यांवर वल्ही आपटायला लागली. हेडलीने हाक दिली तर तिने नुसती मान हलवली. त्याने गंमत केली तर तिने समुद्राकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या सरावालाही तेच. काठावरून मॅरिलिन काळजीच्या सुरात म्हणाली की बिचारीला झेपत नाहीये, आणि हातात तिची उशी होती.

तिसऱ्या सरावाला हेडलीने बोट खाडीच्या मध्यात थांबवली. "वल्ही आत," तो म्हणाला. मग ग्लेंडाकडे वाकला. "राणी, तेवीस वर्षांत तू माझ्यावर कधी रुसली नाहीस. काय चुकलं माझं, ते सांग, नाहीतर इथंच बसू संध्याकाळपर्यंत."

ग्लेंडाने तोंडावर हात धरला आणि हाताआडून सगळं ओकून टाकलं. ब्लड प्रेशर, बीट, जंतू, चूळ, आणि अकरा वर्षांपूर्वीचं सार्डिन. माझ्या तोंडाला वास येतो हे सगळ्या बोटीसमोर तूच म्हणालास, म्हणाली.

हेडलीचा चेहरा कोरा होता. "वास? मला वास कुठे येतो? वीस वर्षं झाली मला वास येऊन. डिझेलच्या धुराने नाक कामातून गेलं माझं. बायको कपडे नाकाला लावून बघते, मी नुसते घालतो."

"मग तुला सार्डिन कळलं कसं?"

"तुझ्या हनुवटीला शेपूट चिकटलं होतं."

मग पुढून दुसऱ्या पाटावरून दाबलेल्या हसण्याचा एक नाजूक फुसकारा आला, आणि पाचही जणी अशा हसायला लागल्या की बोट डुलली. हसता हसता ती वाहत गेली आणि एका तरंगत्या बोयाला जाऊन थडकली. ग्लेंडाला आधी हेडलीला खाडीत ढकलावंसं वाटलं. अकरा वर्षं, दिवसाला चार चुळा, आणि दुसऱ्यांदा भरायच्या त्या वेगळ्याच. मग तीही हसली, तोंड उघडं टाकून, लाल दात दाखवत. त्या दिवशी परत येताना बोट अशी पळाली की मॅरिलिन उशी घेऊन घरी गेली.

पण एक घोटाळा राहिला होता. इतक्या आठवड्यांत ग्लेंडाने वाफा साफ केला होता, आणि बुधवारी शेवटचा गोल बीट संपला. शर्यतीच्या आठवड्यात पाहुण्यांनी गाव भरतं. दुकानात उरलं होतं ते व्हिनेगर आणि मिठात मुरवलेलं, आणि मीठ बंद. क्लेम बसने शहरात जाऊन आला, दिवसभराने चार सुरकुतलेले बीट घेऊन परतला आणि ते टेबलावर ठेवून खिन्नपणे बघत राहिला. चार बिटांत एक पेलाही भरला नसता. तपासणी शुक्रवारी सकाळी होती.

पिंपांचं नाव ग्लेंडाने काढलं नाही आणि काढणारही नव्हती. नऊ वर्षांची दुसऱ्या नंबरची कार्डं क्लेमने शेडमध्ये कशी ओळीने लावली आहेत, ते तिला माहीत होतं. ती पालकाची जुडी निवडत बसली. पालकातही असतंच ते, असं स्वतःशी म्हणत होती.

क्लेम बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा कोपरापर्यंत वाळूने माखला होता आणि हातावर तीन लांब बीट आडवे धरले होते, शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. ते त्याने बेसिनमध्ये ठेवले आणि नळ सोडला.

"क्लेम, अरे, तुझं प्रदर्शन," ग्लेंडा म्हणाली.

"लांब असलं म्हणून काय झालं," क्लेम म्हणाला. "बीटच आहे."

तिला रडू आलं. क्लेमला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते कधीच कळत नाही, त्यामुळे त्याने सुरी काढली आणि सालं काढायला घेतली. तीन बिटांचा रस निघाला एक भरलेला जग.

शुक्रवारी टॅमसिनने तीनदा मोजलं. पहिल्यांदा एकशे त्रेपन्न, आणि ग्लेंडाने डोळे मिटून घेतले. पाच मिनिटं गप्प बसा, टॅमसिन म्हणाली, बोलू नका, मॅरिलिनचा विचार करू नका. दुसऱ्यांदा एकशे एकोणपन्नास. तिसऱ्यांदा एकशे सत्तेचाळीस. पहिला आकडा धरायचा नाही, उरलेल्या दोहोंची सरासरी घ्यायची, असा तिचा नेहमीचाच रिवाज, आणि चिठ्ठीवर तिने एकशे अठ्ठेचाळीस लिहिलं. मॅरिलिनने ती चिठ्ठी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली, आणि शेवटी फाइलला लावली.

शनिवारी शर्यत झाली. पोर्थगॅरोच्या बायकांचा सहा बोटींत चौथा नंबर आला. शेवटच्या वळणावर ग्लेंडा अख्ख्या खाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात फटके मोजत होती, हेडली आनंदाने शिव्या देत होता, आणि चौथ्या नंबरावर ती खूश होती. खरं सांगायचं तर बोटीत बसायला मिळालं यावरच खूश होती. वाळूवर उतरल्यावर तिने क्लेमला शोधलं. बोट सुटताना तो धक्क्यावर होता. आता नव्हता.

ती ओल्या कपड्यांनीच सभागृहात गेली. आत कांदे, गाजरं, घेवडे मखमलीवर मांडले होते. लांब बिटांच्या टेबलावर रसेलचे तीन बीट पहिल्या नंबरचं कार्ड लावून पसरले होते. त्यांच्या शेजारी काळ्या कापडावर एक काचेचा पेला होता, काठोकाठ लाल. पुढे क्लेमच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: लांब बीट, एकसारखे तीन, सी. ट्रेगिलगस. पेल्याला टेकून परीक्षकाने कार्ड ठेवलं होतं, 'नियमानुसार नाही'. क्लेम मागे हात बांधून उभा होता.

"हे काय केलंस?" ग्लेंडाने विचारलं.

"तुझ्यासाठीच ठेवला होता, शर्यतीनंतर लागेल म्हणून," क्लेम म्हणाला. "म्हटलं, तोवर जागा रिकामी का सोडा. नियमात तीन बीट लिहिलंय. उभे ठेवायचे की ओतून, ते लिहिलेलं नाही. परीक्षक म्हणाले, रंग मात्र सगळ्या टेबलावर याचाच चांगला आहे."

ग्लेंडाने पेला उचलला. परीक्षक, एक उंच, सभ्य गृहस्थ, प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावायचा नसतो असं सांगायला पुढे आले आणि तिचा चेहरा बघून वाटेतच थांबले. कधीतरी त्यांनीही तिच्या हातचा कोबी खाल्ला असावा. तिने रस शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला, रिकामा पेला पाटीमागे नीट ठेवला, आणि सगळ्या कांद्यागाजरांच्या देखत क्लेमच्या गालाचा मुका घेतला. लाल ओठ उमटले. क्लेमने ते संध्याकाळपर्यंत पुसले नाहीत.